काचघरातील साधना

मुलांनो, शाळेच्या अर्जावर लावण्यासाठी तुम्ही कधीतरी फोटो काढून घेतला असेल. फोटोग्राफर आपल्याला स्टुलावर बसवतो, मान सरळ करायला सांगतो, हनुवटी थोडी वर करायला लावतो आणि लख्ख प्रकाश पडतो. झाला फोटो! आता तर खिशातल्या मोबाइल फोनने कोणीही क्षणात फोटो काढतो. पण शंभर जणांनी एकाच माणसाचे फोटो काढले, तर त्यांतले बहुतेक एकसारखेच दिसतात. एखादाच असा असतो, की तो कोणी काढला हे पाहताक्षणी ओळखता येते. कवीची जशी स्वतःची शैली असते, खुशनवीसाच्या अक्षराला जसे स्वतःचे वळण असते, तशीच फोटो काढणाऱ्याचीही स्वतःची नजर असते. ही नजर विकत मिळत नाही. ती मेहनतीने कमवावी लागते.

ज्या बाईंनी ती कमावली, त्यांची ही कहाणी आहे. त्यांनी पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. कॅमेरा आणि कॅमेरॉन ही नावे ऐकायला जवळची वाटतात, पण तो केवळ योगायोग आहे. कॅमेरॉन हे त्यांच्या पतीचे आडनाव होते.

ज्युलियाचा जन्म ११ जून १८१५ रोजी आपल्याच देशात, कलकत्ता शहरात झाला. त्या शहराला आता कोलकाता म्हणतात. तिचे वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वरच्या हुद्द्यावर होते. आई फ्रेंच घराण्यातील होती. ज्युलिया आणि तिच्या बहिणी मिळून सात जणी होत्या. पुढे त्या इंग्लंडात राहायला गेल्या, तरी आपापसांत हिंदुस्थानी भाषेत बोलत. त्यांच्या अंगावर हिंदुस्थानी शाली असत. लंडनच्या लोकांना याची मोठी गंमत वाटे.

या बहिणी रूपासाठी प्रसिद्ध होत्या. ज्युलिया मात्र दिसायला साधी होती. पण तिचा उत्साह, तिचे बोलके डोळे आणि तिचा उदार स्वभाव यांमुळे ती सर्वांत वेगळी उठून दिसे. तिचे शिक्षण बहुतेक फ्रान्समध्ये, आजीकडे राहून झाले. १८३४ मध्ये ती कलकत्त्याला परत आली.

दोन वर्षांनी प्रकृती सुधारण्यासाठी ती दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होप येथे गेली. तिथे तिला दोन माणसे भेटली आणि त्या दोघांनी तिच्या आयुष्याला वळण दिले. पहिले होते सर जॉन हर्शेल. ते मोठे खगोलशास्त्रज्ञ होते आणि दक्षिण आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी तिथे राहत होते. दुसरे होते चार्ल्स हे कॅमेरॉन. ते कायदेपंडित होते. हिंदुस्थानसाठी कायदे तयार करण्याकरिता नेमलेल्या आयोगात लॉर्ड मेकॉले यांच्याबरोबर ते काम करत होते. १८३८ मध्ये कलकत्त्यात ज्युलिया आणि चार्ल्स यांचा विवाह झाला. चार्ल्स हे वयाने तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३९ मध्ये, फोटो काढण्याची कला जगापुढे आली. फ्रान्समध्ये दागेर आणि इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी आपापले शोध जाहीर केले. काढलेले चित्र उजेडात काळे पडू नये, म्हणून ते रसायनाने पक्के करण्याची रीत हर्शेल यांनी दाखवून दिली. या कलेसाठी फोटोग्राफी हा शब्दही त्यांनी रूढ केला. त्याचा अर्थ प्रकाशाने रेखाटणे. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. तुमच्या उर्दूत अक्कासी हा शब्द आहे आणि तो अक्स म्हणजे प्रतिबिंब या शब्दापासून आलेला आहे. हर्शेल यांनी या नव्या चित्रांचे काही नमुने कलकत्त्याला आपल्या मैत्रिणीकडे पाठवले. ते पाहून त्यांना फार नवल वाटले. पण स्वतः असे काही करावे, हा योग यायला अजून वीस वर्षे होती.

१८४८ मध्ये कॅमेरॉन कुटुंब हिंदुस्थान सोडून इंग्लंडला गेले. १८६० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर नावाच्या गावात त्यांनी घर घेतले. जवळच प्रसिद्ध इंग्रज कवी टेनिसन राहत होते. कॅमेरॉनबाईंचे घर सदा माणसांनी भरलेले असे. स्वतःची मुले तर होतीच, शिवाय नात्यातील पोरकी मुलेही त्यांनी सांभाळली. एकदा लंडनजवळ एक आयरिश बाई लहान मुलीला घेऊन भीक मागत होती. त्या मुलीचे नाव मेरी रायन. कॅमेरॉनबाईंनी तिलाही घरी आणले, शिकवले आणि घरात कामाला ठेवले. या मेरीची आठवण ठेवा. ती आपल्या कहाणीत पुन्हा येणार आहे.

वर्षे गेली. मुले मोठी झाली. मुलगी लग्न होऊन सासरी गेली. कॅमेरॉन कुटुंबाचे कॉफीचे मळे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत होते. मळ्यांचे उत्पन्न नीट येत नव्हते, म्हणून पती वारंवार तिकडे जात. १८६३ च्या डिसेंबरात ते असेच सिलोनला गेले होते. घर रिकामे वाटत होते. जिच्या हातांना कधी उसंत नव्हती, तिच्यासमोर आता लांबच लांब दिवस पडले होते. तेव्हा मुलीने आणि जावयाने नाताळची भेट म्हणून त्यांना एक कॅमेरा दिला. आईचे मन रमावे, एकटेपणा जरा कमी व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

मुलांनो, हा कॅमेरा म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येते तशी हातात मावणारी वस्तू नव्हती. ती एक मोठी लाकडी पेटी होती. तिच्या पुढच्या बाजूला पितळी नळीत भिंग बसवलेले असे. मागच्या बाजूला दुधी काच असे आणि त्या काचेवर समोरच्या माणसाचे उलटे चित्र दिसे. फिल्म नव्हती. फोटो काचेवर काढावा लागे. बाईंच्या काचा सुमारे अकरा इंच लांब आणि नऊ इंच रुंद होत्या.

एक फोटो काढायचा म्हणजे किती खटाटोप! आधी काच घासूनपुसून स्वच्छ करायची. मग तिच्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य सारखे पसरेल असे ओतायचे. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच धावत अंधाऱ्या खोलीत जाऊन ती दुसऱ्या रसायनाने धुवायची. काच वाळली, की सारे फुकट. मध्ये धूळ बसली, बोट लागले, द्रावण एका बाजूला जास्त वाहिले, तरी डाग पडे. सगळे साधले, की त्या काचेखाली, अंड्यातील पांढऱ्याचा थर दिलेला कागद ठेवून तो उन्हात धरायचा. तेव्हा कुठे कागदावर चित्र उमटे. सिल्व्हर नायट्रेटने हात काळे पडत. एक रसायन तर अत्यंत विषारी होते. त्याबद्दल हर्शेल यांनी पत्र लिहून बाईंना सावध केले होते.

बाईंना यातले काहीच येत नव्हते. शिकवणारा कोणी रोज येत नव्हता. कॅमेरा कुठे ठेवावा, इथपासून सुरुवात होती. त्यांनी अंगणातील कोळशाची खोली रिकामी केली आणि तिची अंधारी खोली केली. कोंबड्यांच्या खुराड्याला काचा लावलेल्या होत्या. त्यांनी कोंबड्या बाहेर सोडून दिल्या आणि त्या खुराड्याचा स्टुडिओ बनवला. तेच त्यांचे काचघर.

पहिला फोटो त्यांनी गावातील एका शेतकऱ्याचा काढला. त्याला बसण्याबद्दल तासाला पैसे दिले. कितीतरी वेळानंतर चित्र साधले. आनंदाच्या भरात बाईंचा हात ओल्या काचेवरून फिरला आणि चित्र पुसले गेले! त्यानंतर एका वेळी दोन मुलांना बसवले. बऱ्याच वेळानंतर फोटो पूर्ण होत आला, तोच एका मुलाला हसू आले. तोही फोटो गेला. महिनाभर असेच चालले. काचांमागून काचा वाया जात होत्या. खर्च वाढत होता. विहिरीतून बादल्यांमागून बादल्या पाणी येत होते. दुसरे कोणी असते, तर पेटी माळ्यावर टाकून मोकळे झाले असते.

अखेर जानेवारी १८६४ च्या शेवटी ॲनी नावाची एक लहान मुलगी त्यांच्यासमोर बसली. बाईंनी तिला प्रेमाने समजावले, की तू हललीस तर माझी रसायने आणि माझे श्रम वाया जातील. मुलगी गंभीर झाली आणि स्तब्ध बसून राहिली. या वेळी काचेवर चेहरा नीट उमटला. बाईंना इतका हर्ष झाला, की त्या मुलीला काय देऊ आणि काय नको असे त्यांना झाले. त्याच दिवशी त्यांनी ते चित्र कागदावर उतरवले, पक्के केले, चौकटीत बसवले आणि मुलीच्या वडिलांना भेट दिले. ते आपले पहिले यश आहे, असे त्यांनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले.

पण खरी अडचण पुढेच होती. फोटो काढता येऊ लागला, म्हणजे मनासारखा फोटो येतो असे नाही. त्या काळी फोटोच्या दुकानांत एकच पद्धत होती. माणसाला उभे करायचे, शेजारी खांब किंवा टेबल ठेवायचे, मागे रंगीत पडदा लावायचा. फोटोत कोटाचे बटण न् बटण दिसे, पडद्याची चुणी न् चुणी मोजता येई. पण त्या माणसाचा स्वभाव कुठे दिसत नसे. कॅमेरॉनबाईंना बटणे मोजायची नव्हती. चेहऱ्याबरोबर त्या माणसाचे मनही फोटोत उतरावे, अशी त्यांची इच्छा होती. ते कसे साधावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते.

वाट सापडली ती थोडी योगायोगाने. कॅमेऱ्याचे भिंग मागेपुढे करताना दुधी काचेवर चित्र आधी धूसर दिसते, मग हळूहळू स्पष्ट होत जाते. अगदी रेखीव होईपर्यंत भिंग फिरवायचे, हा सर्वांचा नियम होता. बाई मात्र भिंग फिरवता फिरवता, चित्र डोळ्यांना सुंदर वाटले, की तिथेच थांबत. त्यामुळे त्यांच्या फोटोत डोळे आणि कपाळ उजळ दिसे, तर केस आणि कपडे मऊ सावलीत विरघळून जात. शिवाय त्यांचा नमुना तीन ते सात मिनिटे बसून असे. तेवढ्या वेळात माणूस थोडा तरी हलतो. त्या हलण्यानेही चेहऱ्यावर एक मऊपणा येई. हे पहिल्यांदा घडले ते अपघाताने, ही गोष्ट त्यांनी पुढे प्रांजळपणे मान्य केली. पण अपघाताने जे हाती आले, त्याची किंमत त्यांनी ओळखली. यापुढे त्या तेच समजून उमजून करू लागल्या.

त्याच वर्षी त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या आणि आपले फोटो प्रदर्शनांत पाठवू लागल्या. आता टीकेचा पाऊस सुरू झाला. सोसायटीच्या मासिकाने त्यांचे वेगळेपण मान्य केले, पण फोटोग्राफीचे सगळे चांगले गुण त्यांनी गमावले आहेत, असाही शेरा मारला. या बाईंना कॅमेरा नीट लावताच येत नाही, काचेवर डाग आहेत, बोटांचे ठसे आहेत, सगळे अस्पष्ट आहे, असे जाणकार म्हणू लागले. विचार करा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या बाईंना काय वाटले असेल? टीका करणारे त्या विषयातले मुरलेले लोक होते. त्यांचे म्हणणे ऐकून इतरांसारखे रेखीव फोटो काढणे सोपे होते. कॅमेरा बंद करून ठेवणे तर त्याहूनही सोपे होते.

त्यांनी दोन्ही केले नाही. १८६४ च्या अखेरीस त्यांनी हर्शेल यांना एक पत्र लिहिले. अमुक एवढाच रेखीवपणा योग्य, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे, असा त्या पत्राचा आशय होता. हा प्रश्न गर्वाने विचारलेला नव्हता. सुतार, शिंपी, चित्रकार, प्रत्येक कारागिराला एक दिवस तो स्वतःला विचारावा लागतो. मी जे करतो ते चुकून होते, की मला तसेच हवे आहे म्हणून होते?

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. टीका झाली म्हणजे टीका करणारे सगळे चूक, असे नसते. काचेवरचे डाग आणि ओरखडे हे कच्चे काम होते. ते टीकाकारांनी दाखवले ते खरे होते. मऊ, धूसर प्रकाश ही मात्र बाईंची आवड होती, त्यांची नजर होती. बाईंनी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या. जिथे हात कच्चा होता, तिथे त्या शिकत राहिल्या. १८६९ मध्ये त्यांच्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडू लागल्या. तेव्हा मान-अपमान बाजूला ठेवून त्या त्याच सोसायटीच्या सभासदांकडे सल्ला विचारायला गेल्या. पण आपली नजर मात्र त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून बदलली नाही.

हळूहळू कदर करणारेही भेटले. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ मध्ये त्यांचे फोटो विकत घेतले. आज त्याच संग्रहालयाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात. १८६८ मध्ये तर तिथल्या दोन खोल्या त्यांना फोटो काढण्यासाठी वापरायला मिळाल्या. जर्मनीत बर्लिन येथील प्रदर्शनात १८६५ मध्ये त्यांना कांस्यपदक आणि १८६६ मध्ये सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी आणखी मोठा कॅमेरा घेतला. त्याची काच पंधरा इंच लांब आणि बारा इंच रुंद होती. आता माणसाचा चेहरा जवळजवळ खऱ्या आकाराएवढा घेता येऊ लागला.

त्यांची पद्धत आता पक्की झाली. मागे साधा काळोख. खांब नाही, पडद्यावरचे चित्र नाही. अंगावर गडद रंगाची शाल. उजेड बहुधा एकाच बाजूने यायचा. राहिला तो फक्त चेहरा. एप्रिल १८६७ मध्ये त्या आपला कॅमेरा घेऊन हर्शेल यांच्या घरी गेल्या. तेव्हा हर्शेल पंचाहत्तर वर्षांचे होते. बाईंनी त्यांना केस धुवायला लावले, म्हणजे ते मोकळे, पिंजलेल्या कापसासारखे उभे राहतील आणि त्यांवर प्रकाश खेळेल. त्या फोटोत काळ्या आकाशातून एखादा तारा उगवावा तसा तो वृद्ध चेहरा अंधारातून वर येतो. डोळ्यांत आयुष्यभर आकाश पाहिल्याचा थकवा आहे आणि कुतूहलही आहे. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी बाईंना या कलेची पहिली ओळख करून दिली, त्यांनाच बाईंनी ही भेट दिली. आज हर्शेल यांचे नाव निघाले, की बहुतेकांना हाच चेहरा आठवतो.

टेनिसन, कार्लाइल, डार्विन अशा मोठ्या लोकांचे फोटो बाईंनी काढले. १८६८ च्या उन्हाळ्यात डार्विन फ्रेशवॉटरला राहायला आले होते, तेव्हा काढलेला त्यांचा फोटो स्वतः डार्विन यांना फार आवडला. पण बाईंचा कॅमेरा नामांकित लोकांपुरता नव्हता. घरातल्या मोलकरणी, शेजारची मुले, गावात आलेले पाहुणे, सगळ्यांना त्यांच्यासमोर बसावे लागे. मोठ्या शास्त्रज्ञासाठी जेवढी मेहनत, तेवढीच मोलकरणीसाठी.

मेरी रायन आठवते ना? ती भीक मागणाऱ्या आईची मुलगी? बाईंनी तिचे कितीतरी फोटो काढले. लंडनमधील प्रदर्शनाच्या कामात ती मदत करत असताना हेन्री कॉटन नावाच्या एका तरुणाने तिला पाहिले. १८६७ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि ते बंगालमध्ये आले, कारण कॉटन यांची तिथे सरकारी नोकरीत नेमणूक झाली होती. हिंदी लोकांविषयी सहानुभूती बाळगणारे अधिकारी म्हणून ते पुढे ओळखले गेले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष हेच सर हेन्री कॉटन होते.

बाईंच्या घरच्यांनीही त्यांच्या छंदाची झळ सोसली. ओली काच हातात घेऊन त्या जेवणाच्या खोलीत धावत येत आणि टेबलावरच्या पांढऱ्या चादरींवर काळे डाग पडत. ते डाग कधीच निघत नसत. पण वृद्ध पती रागावत नसत. प्रत्येक नवी काच ते कौतुकाने पाहत. कलावंताच्या यशात अशा सबुरीच्या माणसाचाही वाटा असतो.

१८७३ मध्ये एक मोठे दुःख कोसळले. जिने कॅमेरा भेट दिला, ती मुलगी बाळंतपणात वारली. तरी बाई काम करत राहिल्या. १८७४ मध्ये टेनिसन यांनी आपल्या काव्यासाठी त्यांच्याकडे चित्रे मागितली. पुस्तकात ती अगदी लहान आकारात छापली गेली. बाईंचे समाधान झाले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच मोठ्या फोटोंचा ग्रंथ काढला. त्यातील मोजक्या चित्रांसाठी त्यांनी दोनशेहून अधिक काचा वापरल्या. एक चांगला फोटो आपल्यासमोर येतो, तेव्हा त्यामागे किती फुकट गेलेल्या काचा असतात, ते आपल्याला दिसत नाही.

पैशाची ओढाताण मात्र संपली नाही. कॉफीच्या मळ्यांत नुकसान येत होते आणि फोटोंच्या विक्रीतून खर्चही भागत नव्हता. १८७५ मध्ये पती-पत्नी सिलोनला राहायला गेले. तिथे स्वच्छ पाणी आणि रसायने मिळणे कठीण होते. तरीही बाईंनी मळ्यांवर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांचे फोटो काढले. २६ जानेवारी १८७९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, सिलोनच्या डोंगराळ भागात त्यांचे निधन झाले. तिथेच त्यांची कबर आहे.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू झालेले हे काम जेमतेम पंधरा वर्षे चालले. तेवढ्या काळातील त्यांचे सुमारे १,२०० फोटो आज माहीत आहेत. २०१५ मध्ये त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, तेव्हा लंडनच्या त्याच संग्रहालयाने त्यांच्या फोटोंचे मोठे प्रदर्शन भरवले. ज्या धूसरपणाला एके काळी अज्ञान म्हटले गेले, तोच पाहण्यासाठी लोक आले. ज्या मासिकांनी त्यांना नावे ठेवली, ती आज फक्त अभ्यासकच चाळतात.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला चित्रे काढायची असतील, कोणाला शेर लिहायचे असतील, कोणाला भरतकाम आवडत असेल. मनात जे आहे ते हातून उतरत नाही, म्हणून कधी तुमचाही जीव मेटाकुटीला येईल. लोक चुका दाखवतील. अशा वेळी दोन प्रश्न स्वतःला विचारा. यातली खरी चूक कोणती, जी मला सुधारायलाच हवी? आणि यातले माझे स्वतःचे काय आहे, जे मला जपायला हवे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेहनत मागते आणि दुसऱ्याचे धीर मागते. कोंबड्यांच्या खुराड्यात उभे राहून, काळ्या पडलेल्या हातांनी, कॅमेरॉनबाईंनी ही दोन्ही उत्तरे शोधली.